दहापैकी दहा

“पण तुम्ही तिथं घालून काय गेला होता?”

प्रश्न तोंडातून गेला आणि मग लुव्हिनियाला तो ऐकू आला. समोर ओट्याला टेकून तिच्या बहिणीची नात जनील उभी होती. गेली दहा मिनिटं ती शनिवारच्या जेवणाची हकिगत सांगत होती, ती मधेच थांबली. चिडून थांबली असती तर बरं झालं असतं. जिना संपलाय हे अंधारात न कळलेला माणूस जसा एक पाय पुढं टाकून थबकतो, तशी ती थांबली. मग हळूच म्हणाली, “त्या मॅनेजरनंही हेच विचारलं, आजी. जरा घोळवून. आमच्याकडं संध्याकाळचं वातावरण थोडं वेगळं असतं, म्हणाला. तू सरळ विचारलंस, एवढाच फरक.” गार गोड चहाचा ग्लास तिनं न पिता सिंकमध्ये ठेवला आणि किल्ल्या उचलल्या. निघताना आजीच्या गालाला गाल लावायला ती विसरली नाही, आणि तेच लुव्हिनियाला सगळ्यात जास्त लागलं. जाळीचं दार आपटलं. गाडी सुरू होऊन कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला. मग अमेरिकेतल्या डरम गावातली, मे महिन्यातली ती रविवारची दुपार खिडकीशी येऊन उभी राहिली, आणि एकोणऐंशी वर्षांची लुव्हिनिया पेटिफर्ड, छत्तीस वर्षं शाळेची ग्रंथपाल असलेली, कुठल्या हॉटेलात आपल्या काळ्या माणसांना माणसासारखं वागवतात हे अख्ख्या गावाला सांगणारी, हातात ओलं फडकं घेऊन उभीच राहिली.

जनील आता नर्स झाली होती. तिच्या आईबापाच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी ती पहिली. पदवीदानाला सगळे गेले. लुव्हिनियाही गेली, पण नवीन बसवलेलं कमरेचं हाड लाकडी खुर्चीवर तीन तास बसून दुखायला लागलं, म्हणून ती तिथूनच घरी परतली आणि जेवायला बाकीचे नऊ जण गेले. कुठं जायचं हे तिनंच सांगितलं होतं. तिच्या भाचीचा नवरा लमाँट, जनीलचा बाप, शहराची बस चालवतो. त्यानं आठ दिवस आधी फोन केला होता, “मावशी, पोरीला चांगल्या ठिकाणी न्यायचंय. मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही सांगा.” ती म्हणाली होती, डोळे मिटून तंबाखूच्या जुन्या कारखान्यातल्या हॉटेलात जा, दहापैकी दहा दिलेत मी त्यांना. डोळे मिटून, हे तिचेच शब्द. त्यांनी टेबल सांगून ठेवलं होतं. तरी त्यांना दारात पाऊण तास उभं केलं. मग भांडी घासायच्या खोलीच्या दाराशी दोन टेबलं जोडून दिली. खाण्याचं काही मागवण्याआधी लमाँटचं बँकेचं कार्ड काढून घेतलं, मोठा घोळका असला की नियमच आहे म्हणाले. पलीकडं अकरा जणांचं एक गोरं कुटुंब होतं, त्यांच्यातही कुणीतरी पदवीची चौकोनी टोपी घालून बसलेलं. जनील उठून त्या मुलीला विचारून आली, तुमचं कार्ड घेतलं का आधी? ती म्हणाली, कसलं कार्ड? मग मॅनेजर आला आणि वातावरणाबद्दल बोलला, कारण ते नऊही जण जांभळे टी-शर्ट घालून गेले होते. पुढं जनीलचा हसरा फोटो आणि पाठीवर ज्याचं त्याचं नातं: पदवीधराचा बाप, पदवीधराची आई. आपल्याकडं पोरगं शिकून बाहेर पडलं की हल्ली असे शर्ट छापतात. लुव्हिनियासाठीही एक छापला होता, ‘पदवीधराची आजी’. तो तिनं हौसेनं घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवला होता, कारण असलं काही अंगावर घालून ती दारातलं वर्तमानपत्र उचलायलाही गेली नसती.

आपल्या तोंडून गेलेला तो प्रश्न कुणाचा होता ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. आवाज तिच्या आईचा होता. आई त्याच कारखान्यात देठं काढायची. तिसऱ्या मजल्यावर सगळ्या काळ्या बायका, खिडक्या बंद, पान सुकू नये म्हणून वाफ सोडलेली, उभ्याउभ्या सकाळपासून पानाच्या मधली जाड शीर एका हिसक्यात ओढून काढायची. खालच्या मजल्यावर पाकिटं भरणाऱ्या गोऱ्या पोरींना पांढरे झगे होते आणि बसायला स्टुलं होती. आई घरी यायची तेव्हा तिच्या आधी तिचा वास यायचा. ती मागच्या अंगणात उभी राहून आंघोळ करायची, व्हिनेगर लावून हात घासायची, मानेवर पावडर मारायची, तरी रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसलं की टोपीच्या जाळीतून तो गोड कुजकट वास हलकेच येत राहायचा. लुव्हिनियाला तो आवडायचा. अजून आवडतो. म्हातारपणी नाक बाकी सगळं विसरलं, तो वास मात्र नाही. आणि हीच आई, लुव्हिनियाला गावात बूट घ्यायला न्यायची तेव्हा आधी दोन दिवस तयारी चालायची. झग्याला खळ, केसांना तापलेली फणी, मोज्यांच्या पाठीमागची शिवण सरळ रेषेत. काळ्यांना बूट पायात घालून बघायची परवानगी नव्हतीच. घरून पायाचं माप कागदावर काढून न्यायचं, तो कागद दुकानदाराला द्यायचा, आणि एवढंसं करायला राणीसारखं नटून जायचं. “लोकांना बोट ठेवायला जागा म्हणून ठेवायची नाही,” आई म्हणायची. एकदा पोस्टातल्या बाईनं लुव्हिनियासमोर आईच्या अंगावर तिकिटं भिरकावली तेव्हा घरी येऊन आईनं पहिला प्रश्न लुव्हिनियालाच केला होता, तू काय घातलं होतंस? तेव्हा लुव्हिनिया आठ वर्षांची होती. आपल्या कोपराजवळ उसवलेला टाका तिला तेव्हाच दिसला, आणि आईचा अपमान आपल्या कोपरामुळं झाला अशी तिची खात्री पटली होती. ती खात्री कधी गेली? तिला आठवेना. बहुतेक गेलीच नव्हती.

पुढं वीस वर्षांची असताना ती गावातल्या दुकानाच्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली, कॉलेजची सगळीच काळी पोरं बसत होती तेव्हा. त्याच्या आदल्या दिवशी चर्चच्या तळघरात एका पोरसवदा पाद्र्यानं त्यांना शिकवलं: उत्तमातले उत्तम कपडे, हातात पुस्तक, पाठ ताठ, हसायचं नाही, वळून बघायचं नाही. ती चार तास बसली. एका माणसानं तिच्या मानेवर सिगारेटचा धूर सोडला. समोरच्या मिठाच्या बाटलीला किती भोकं आहेत हे ती परत परत मोजत होती, अकरा होती. पुढं काही महिन्यांनी त्या काउंटरवर तिला अंड्याचं सँडविच मिळालं, आणि ते इतकं भिकार होतं की ती आणि तिची मैत्रीण क्लिओटा रस्त्यावर येऊन पोट धरून हसल्या. त्या दिवसाची आठवण तिनं आयुष्यभर चांदीच्या चमच्यासारखी पुसून ठेवली होती. आज पहिल्यांदा ती उलटी करून बघितली तर मागं दुसरंच काही कोरलेलं. ते कपडे डावपेच म्हणून घातले होते. काही महिन्यांच्या लढाईचे कपडे होते ते. लढाई संपल्यावर ते कुणी उतरवायला सांगितलं नाही, आणि साठ वर्षं ती तशीच, शिवण सरळ करून, जेवायला जात राहिली. आपण जिंकलो ते मोज्याच्या शिवणीमुळं, असंच कुठंतरी वाटत राहिलं.

आणि मग ती पुस्तिका. चर्चच्या महिला मंडळानं अकरा वर्षांपूर्वी सुरू केलेली, दरवर्षी नवी निघणारी, फिकट निळ्या कव्हराची, ‘कुठे बसावं’ नावाची. केस करायच्या दुकानात, कॉलेजच्या ऑफिसात, अंत्यविधीवाल्यांच्या बाकावरसुद्धा ती पडलेली असते. बाहेरगावचे पाहुणे ती बघून हॉटेल ठरवतात. काम लुव्हिनियाचं आणि क्लिओटाचं. दोघींनी जायचं, जेवायचं, आत काही लिहायचं नाही. मग गाडीत बसून काचा वर करून नऊ प्रश्नांची उत्तरं भरायची आणि दहापैकी मार्क द्यायचे. दारात किती वेळ उभं केलं. कुठलं टेबल दिलं. पाणी न मागता आलं का. बोलताना डोळ्यांत बघतात की खांद्यावरून पलीकडं. गोड काही हवं का हे आपल्यालाही विचारलं का. शेवटची व्यक्ती दारापर्यंत आली का. चोख काम होतं, आणि त्या दोघी कुणाला भीक घालत नव्हत्या. पण टेबल सांगायला फोन करायची ती क्लिओटा, आणि नाव सांगायची ‘डॉक्टर मँगम’, कारण शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट तिनं पंचावन्नाव्या वर्षी मिळवली होती. जायच्या त्या बरोबर साडेपाचला, गर्दीच्या आधी. लुव्हिनिया गळ्यात मोती घालायची, क्लिओटा टोपी. हॉटेलाच्या दारात पाऊल टाकताच दोघींचा आवाज बदलायचा, ग्रंथालयातल्या फोनवर वापरायचा तो आवाज लागायचा, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेला. आणि वाढणाऱ्यांसाठी इतकी बक्षिशी ठेवून यायच्या की कुणी म्हणू नये, ही माणसं हात आखडतात. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की नऊ प्रश्नांत दहावा कधी सुचलाच नाही. कारखान्यातलं हॉटेल त्यांनी चार वेळा पारखलं. चारही वेळा खिडकी. आता ती तिथली एकेक वेळ आठवू लागली, आणि कानशिलं तापू लागली. राग त्या मॅनेजरचा होता हे खरंच, पण तो तेवढ्यावर थांबत नव्हता. आईकडं गेला, तळघरात शिकवणाऱ्या त्या पोरसवदा पाद्र्याकडं गेला, आरशाशी गेला, आणि परत येऊन स्वयंपाकघरात मधोमध बसला.

सोमवारी चर्चमधली महिला मंडळाची बैठक सुटल्यावर तिनं क्लिओटाला गाडीतच गाठलं. क्लिओटानं सगळं ऐकून घेतलं, टोपीची पिन काढली, परत खोचली.

“टी-शर्ट घालून गेले होते ना पण,” ती म्हणाली.

“तूही आलीस त्यावरच.”

“मग? तू बागेतल्या चपला घालून चर्चला येशील का, लुव्ही?”

“चर्चमध्ये मला बसू देतात की नाही हे तपासायला मी येत नाही. तो पलीकडच्या घरातला गोरा अर्ध्या चड्डीत येतो तिथं जेवायला, मी स्वतः बघितलाय. त्याचं कार्ड घेतात का आधी?”

“त्यांचं सोड. त्यांना कधी अंगावरचं काही धुवून काढावं लागलंय?” क्लिओटानं काच थोडी खाली केली. “पुस्तक गुरुवारी छापायला जातंय. हवं तर दहाचे आठ कर.”

“आठ कशाचे? त्यांनी तुझ्या टोपीला खिडकी दिली. आपण मार्क देत नव्हतो गं, आपणच घेत होतो. चार वेळा पास झालो.”

“माझी टोपी काढू नकोस हं मधे,” क्लिओटा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. “या टोपीला पोचायला मला फार चालावं लागलंय. आता तू म्हणणार ते सगळं चुकलं.” लुव्हिनियाला तिची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. ती गाडीतून उतरली.

मंगळवारी संध्याकाळी सहाला, भर उजेडात, तिनं कपाटातून तो जांभळा शर्ट काढला. कापडाला अजून छापखान्याचा वास होता. जनीलचा चेहरा तिच्या पोटावर आला, जरा ताणलेला. केसांना घरातलाच रुमाल गुंडाळला, पायात बागेतल्या चपला, हातात काठी. गावात असं बाहेर पडण्याची तिची ही पहिलीच वेळ होती आणि गाडीतून उतरल्यावर आपण काहीतरी विसरलो म्हणून ती दोनदा थांबली. हॉटेलाचं नाव जिथं तिची आई उभी राहायची त्या खोलीचंच आहे. देठं काढायची खोली. गोऱ्या पोरांना जुनी नावं आवडतात. दारात सावळी, आपल्यातलीच एक मुलगी होती, विशी-बाविशीची. तिनं लुव्हिनियाच्या शर्टाकडं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग तिनं ते मिटवून टाकलं.

“एकट्याच का? टेबल सांगितलंय?”

“नाही. खिडकीत चारही रिकामी दिसताहेत की.”

“ती राखीव आहेत,” मुलगी म्हणाली, आणि हळू पुरवणी जोडली, “माफ करा हं. मला सांगितलंय तसं करावं लागतं.” भांडी घासायच्या दाराशी तिनं खुर्ची ओढून दिली. ही पोर आता घरी जाऊन कुणाला काय सांगत असेल? कुणी तिला विचारत असेल, तू तिथं उभं राहून काय करतेस?

दार उघडलं की वाफेचा झोत यायचा आणि ओल्या चिंध्यांचा वास. दार मिटलं की त्याखालून दुसरा वास वर यायचा, विटांमधला. उन्हाळ्यात तो सुटतोच. ऐंशी वर्षांची तंबाखू भिंतीत मुरलेली, घासून जात नाही. खिडकीशी तो कधी आला नव्हता, तिथं वारा असतो. वाट बघता बघता तिच्या मनात मार्कांची पट्टी आपोआप सुरू झाली. दार: शून्य. टेबल: शून्य. पाणी: दहा मिनिटं झाली, शून्य. आणि तिला जाणवलं की आपल्याला गंमत येतेय. चूक सापडल्याची ती जुनी, नीटनेटकी, ग्रंथपालाची गंमत. शनिवारी याच जागी लमाँट बसला होता, त्याला कुठल्याच पट्टीची सोय नव्हती. त्याला फक्त जेवायचं होतं. ती इथं तीन दिवस घोटलेलं भाषण घेऊन आली होती, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत पाठ. वाढणारा आला. आपल्या घराघरांत डुकराचं हाड घालून शिजवतात ती कॉलर्डची पालेभाजी मागितली तर म्हणाला, “यात डुकराची हाडं नसतात हं, अळंबी असते. काही जण चव बघून परत पाठवतात, म्हणून आधी सांगतो.” काही जण, हे म्हणताना तो शर्टाकडं बघत होता. मग तिनं काहीच मागवलं नाही. घसा कोरडा पडला होता, आणि बाजूनं जाणाऱ्या मॅनेजरला, ग्रेडी नावाच्या त्या दाढीवाल्या पोराला, पाणी मागायला तिनं तोंड उघडलं तेव्हा, न ठरवता, न बोलावता, तिचा फोनवरचा आवाज बाहेर आला. “जरा तसदी देते. पाणी मिळू शकेल का?”

तो चार पावलं पुढं गेला होता. आवाज ऐकून वळला.

“अहो, मिस पेटिफर्ड,” तो म्हणाला. त्याचा चेहरा आधी उजळला, मग पांढरा पडला. “तुम्ही इथं कशा बसलात? सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं?”

“तुम्ही आहात म्हणून.”

“मी मघापासून आहेच.”

“नाही, म्हणजे… चला, तुमची नेहमीची खिडकी आहे. डॉक्टर मँगम नाही आल्या?” त्यानं तिची काठी उचलायला हात पुढं केला आणि खाली वाकताना आवाज खाली घेतला, विश्वासातल्या माणसाशी बोलावं तसा. “हा शर्ट बघून पोरं गोंधळली असणार. शनिवारी असेच शर्ट घातलेलं एक कुटुंब आलं होतं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला ठाऊकच आहे, काही लोक कसे असतात ते.”

भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर होतं. ते तिथंच राहिलं, कारण तिला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरातली संध्याकाळ तिला आठवली. त्या वेळी ती खिडकीत होती, आणि इथं, याच दाराशी, आपल्यातलंच एक कुटुंब कुणाचा तरी साठावा वाढदिवस करत होतं. खुर्चीला फुगे बांधले होते. एक बाई खुर्चीवर चढून सगळ्यांचे फोटो काढत होती, तिच्या ब्लाउजची पट्टी खांद्यावरून घसरली होती. ग्रेडी मधे उभा होता. त्यानं लुव्हिनियाकडं बघितलं, भुवई जराशी उचलली, आणि लुव्हिनियानं, मोती घातलेल्या लुव्हिनियानं, ओठ मिटून मान किंचित हलवली होती. तेवढंच. एका श्वासाचं काम. काय करायचं, ही आमचीच माणसं. तिनं गाडीत बसून त्या संध्याकाळचे दहा भरले तेव्हा ही हालचाल कुठल्याच रकान्यात बसली नाही, म्हणून ती कुठं नोंदलीही गेली नाही. पण ग्रेडीनं ती जपून ठेवली होती. त्याच्या लेखी ती परवानगी होती. शनिवारी लमाँटचं कार्ड मागताना त्याच्या मनात धाकधूक असलीच, तर ती तिनंच काढून टाकली होती, तीन वर्षं आधी, मानेच्या एका झटक्यानं.

“ती माझी नात आहे,” लुव्हिनिया म्हणाली. तिनं शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी ओढून त्यावरचा जनीलचा चेहरा सरळ केला. “ही. आणि ज्याचं कार्ड काढून घेतलंत तो माझा जावई.”

तो बोलतच सुटला. नियम वरून आलाय, नऊही जणांना परत बोलावू, आमच्याकडून जेवण, हवं तर पूर्ण खिडकीची बाजू. तो वाईट मुलगा नव्हता. हेच तिला असह्य झालं. एखाद्या राक्षसावर ओरडता आलं असतं. हा पोरगा तर तिच्याच हाताखाली शिकल्यासारखा होता, तिच्याच खुणा वाचून. ती उठली. काठी त्याच्या हातातून घेतली. खिडकीकडं न बघता, आणि दारातल्या त्या मुलीकडं मात्र नीट बघून, ती बाहेर पडली. भाषण झालं नव्हतं, आणि राग जसाच्या तसा होता. गाडी घराकडं न्यायची तर हात आपोआप दुसरीकडं वळले.

लमाँट मागच्या अंगणात, वर्तमानपत्र पसरलेल्या लाकडी टेबलावर मासे साफ करत होता. अंगात बसवाल्यांचा निळा सदरा, बाह्या वर सारलेल्या. ऊन उतरत होतं. त्यानं तिला बघितलं, तिच्या पोटावरच्या आपल्या मुलीला बघितलं, आणि सुरीच्या टोकानं खुर्ची दाखवली.

“बरोबर बसला की,” तो म्हणाला.

“जरा ताणतो.”

“ताणायचाच. आम्हा सगळ्यांना ताणतो.” तो खवले काढत राहिला. घरात जनीलचा आणि तिच्या आईचा, पॉलेटचा, बोलण्याचा आवाज येत होता, मग थांबला. जाळीच्या दारामागं कुणीतरी येऊन उभं राहिलं.

“मी पोरीला नको ते विचारलं,” लुव्हिनिया म्हणाली.

“बोलली ती.” त्यानं एक मासा उलटा केला. पंचवीस वर्षं त्यानं तिला ‘हो मावशी’ आणि ‘बरं मावशी’ याच्या पलीकडं फारसं काही ऐकवलं नव्हतं. “खरं सांगू का मावशी? मला दारातच कळलं होतं. सत्तावीस वर्षं बस चालवतोय. पायरी चढणारा माणूस माझ्याकडं कसा बघतो ते मला पाठ आहे. दारातली ती पोरगी आत गेली, मॅनेजरशी कुजबुजली, तेव्हाच मला कळलं. पॉलेट म्हणाली, चल निघू, बाहेर कुठंतरी मासे-भाकरी खाऊ. मीच म्हटलं, थांब. लुव्हीमावशीनं दहा दिलेत. त्या उगाच देत नाहीत. आपल्यालाच जास्त वाटत असेल.” सुरी थांबली. “जनील विचारायला उठली त्या दुसऱ्या टेबलाकडं, तर मी तिचा दंड धरला. म्हटलं, खाली बस, तमाशा करू नको. तिच्या दिवशी. ती हात सोडवून गेली. परत आली तेव्हा तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ना… ती त्या मॅनेजरकडंसुद्धा तसं बघत नव्हती.”

लुव्हिनियाला बोलायचं होतं, पण जे जे सुचत होतं ते सगळं इस्त्री केलेलं होतं. त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून तिच्या आकड्यावर ठेवला होता. अकरा वर्षांत असे किती जण. दारात उभे, समोर सगळं दिसत असलेले, आणि निळ्या पुस्तिकेत बघून स्वतःला गप्प करणारे.

“मला सांग,” ती शेवटी म्हणाली. “दारापासून. सगळं.”

“कशाला? पुस्तकात घालायला?”

“पुस्तक निघणार नाही.” हे ठरलंय हे तिलाही तेव्हाच समजलं.

“क्लिओटाबाई जीव घेतील तुमचा.”

“घेऊ दे. तू सांग.”

जाळीचं दार उघडलं आणि जनील बाहेर आली. ती पायरीवर बसली, दोघांच्याही जवळ नाही. लमाँटनं सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं, आणि घसा साफ केला, सवय नसलेला माणूस करतो तसा. “पावणेसहाला पोचलो आम्ही,” तो म्हणाला. “मी पोरांना म्हटलं, रांगेत उभे राहा.” मग तो थांबला, श्वास घेतला, आणि पुढचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चढला, इतका की शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून कुंपणाशी आलं. तो चढतच गेला. लुव्हिनियानं त्याला हळू बोल म्हटलं नाही, खुर्ची थोडी पुढं ओढली.